तरटेकाकांचा रॅलिंग क्राय

आमच्या गल्लीतले तरटेकाका घोषणेशिवाय कुठलंच काम सुरू करत नसत. सकाळी सार्वजनिक नळाला पाणी आलं की ते ओट्यावर येऊन उभे राहत, उपरण्याचं टोक खांद्यावर टाकत आणि छाती भरून ओरडत, "उठा, घागरी उचला, हक्काचं पाणी मिळवा!" तोवर पाणी आलेलं असे, निम्म्या घागरी भरलेल्याही असत, आणि तो हक्क नाकारणारा कुणी माणूस दूरवर दिसत नसे. पण घोषणा झाली नाही तर बायकांनाच चुकल्यासारखं होई. एकदा काका तापानं अंथरुणात होते, तर माझी आई भरल्या धारेसमोर रिकामी घागर घेऊन उभी राहिली. "आवाज नाही आला, म्हटलं पाणी आलं नसेल," म्हणाली.

लोणच्याच्या कैऱ्या आल्या की त्यांची घोषणा वेगळी, दिवाळीची रंगसफेदी निघाली की वेगळी. काकू त्यांच्या अगदी उलट. त्या मोजकं बोलत आणि ते बहुतेक वेळा काकांना लागे. "कैऱ्या विळीनं फुटतात," त्या म्हणत, "तुमच्या ओरडण्यानं नाही. विळी द्या इकडे."

काकांच्या घोषणांत एकच दोष होता. कुणी मोर्च्यासाठी लिहून मागितल्या, की त्या फार लांब होत. कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, ते काका कागदावर उभ्या रेघांनी दाखवून देत, पण मोर्च्यातल्या माणसांना रेघा पाहत चालणं जमत नसे. गल्लीच्या तोंडाशी कचोरीचं दुकान असलेला बद्री भिया एकदा त्यांना म्हणाला होता, "काका, ये तो पूरा भाषण है. अपन नारा बोल रिये थे, नारा."

"भाषणात क्रियापद शेवटी असतं, बद्री. यात मध्ये आहे," काका म्हणाले होते.

लांबीचं कारण घराण्यात होतं. काकांचे वडील आणि आजोबा होळकरांच्या दरबारात भालदार. महाराजांच्या पुढे चालायचं आणि त्यांचे सगळे किताब एका दमात पुकारायचे, हे त्यांचं काम. काका स्वतः वीस-बावीस वर्षं चांदीच्या मुठीची काठी घेऊन राजवाड्यात उभे राहिलेले. मग संस्थानं गेली, इंदूर आणि ग्वाल्हेर एकत्र होऊन मध्य भारत झाला, आणि पुकारावं असं कुणी राहिलं नाही. काकांजवळ तो आवाज तेवढा शिल्लक होता. तो कुठेतरी वापरायला हवा म्हणून ते नळ आणि कैऱ्या यांच्यावर वापरत, असं मला वाटे.

त्यांना एकच धाकटा भाऊ, वामनराव. बापानं दोघांनाही नदीकाठी उभं करून आवाज शिकवला होता, पण वामनराव वेळेवर टायपिंगही शिकले आणि नव्या सरकारच्या कचेरीत कारकून झाले. ही कचेरी वर्षातले काही महिने ग्वाल्हेरला असे आणि उन्हाळा आला की इंदूरला येई. फायलींची गाठोडी आगगाडीतून उतरत आणि त्यांच्या मागून वामनराव. त्यांना तुकोगंजात सरकारी खोली मिळे. आमच्या कृष्णपुऱ्यातून तुकोगंज टांग्यानं पाव तासावर. तरीही तीन उन्हाळे झाले, वामनराव भावाच्या घरी आले नव्हते, आणि काका त्यांच्याकडे गेले नव्हते. काकांसमोर गल्लीत कुणी तुकोगंजचं नावही काढत नसे. आता तर मध्य भारतच मोडणार, नवं मोठं राज्य होणार आणि कचेऱ्या कायमच्या भोपाळला जाणार, असं ठरून गेलं होतं. वामनरावांचा इंदुरातला हा शेवटचा मुक्काम होता. पावसाळा संपला की ते जाणार, मग परत येण्याचं कारण नव्हतं.

नेमक्या याच वर्षी काकांना इंग्रजीचा नाद लागला. इंग्रजीचा म्हणजे त्या भाषेतल्या दोनच शब्दांचा.

मी तेव्हा नुकतीच शिक्षण संपवून घरी आले होते. सगळी वर्षं बाहेरगावच्या कॉन्व्हेंटच्या होस्टेलात गेलेली, त्यामुळे गल्लीत मला कुणी नीट ओळखत नव्हतं, आणि माझ्या मराठीला बायका हसत म्हणून मी बोलत नसे. न बोलणाऱ्या माणसासमोर लोक पुष्कळ बोलतात. एके संध्याकाळी काका आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. हातात पाठकोरी वही.

"बेबी, क्राय म्हणजे रडणं, बरोबर ना?"

मी मान हलवली.

"मग ही रॅलिंग क्राय काय भानगड आहे? पेपरात रोज कुणी ना कुणी रॅलिंग क्राय करतंय. एवढं रडण्यासारखं काय झालं?"

खरा उच्चार रॅलीइंग आहे हे मला सांगायचं होतं, पण ते शब्द तोंडातून निघेनात, आणि पुढे कधीच निघाले नाहीत. मी एवढंच म्हटलं, "इथे क्राय म्हणजे ओरडणं. सगळ्यांना एकत्र आणणारी घोषणा."

काकांचा चेहरा असा झाला की जणू परमुलखात गावचं माणूस भेटलं. "मतलब, इंग्रजांनी आपल्या कामाला नाव देऊन ठेवलंय!"

त्याच रात्रीच्या जेवणात त्यांनी काकूंना ही बातमी दिली असावी. कारण दुसऱ्या दिवशी नळावर काकू आईला सांगत होत्या, "रेलिंग क्राय म्हणे. गॅलरीच्या रेलिंगला धरून रडायचं. आमच्या घराला गॅलरीच नाही, म्हणून मी आपली चुलीपाशी बसते."

त्यानंतर काका रोज राजवाड्याजवळच्या वाचनालयात जाऊ लागले. मुंबईचा इंग्रजी पेपर तिथे एक दिवस उशिरानं येई. काका तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवत पाहत. वाचत नसत, ते दोन शब्द कुठे आहेत तेवढं शोधत. सापडले की ते अख्खं वाक्य पेन्सिलीनं उतरवून घेत आणि संध्याकाळी आमच्या दाराशी. मी वाक्य मराठीत सांगायचं, त्यांनी विचार करायचा. विचार करताना ते कानाची पाळी ओढत.

मला आधी वाटलं, चार दिवसांचं वेड आहे. पण त्या वहीतून जे निघू लागलं त्याचं मलाच कुतूहल वाटायला लागलं. कॉन्व्हेंटात सिस्टरनी आम्हांला वाक्याचे तुकडे पाडायला शिकवलं होतं; काका ते न शिकता करत होते.

"बेबी, हे बघ. रॅलिंग क्राय ओरडायलाच हवं असं नाही दिसत. इथे एका गावाचं नावच रॅलिंग क्राय आहे. इथे एक कर. आता कर कसा ओरडणार?"

"लोक त्याच्यावरून एकत्र येतात, काका. म्हणून."

"आणि इथे तर एका मेलेल्या माणसाची टोपी!" त्यांनी कानाची पाळी ओढली. "ही टोपी बोलत नाही, तरी लोक गोळा होतात. आम्ही मात्र घसा फोडतो."

दुसऱ्या एका संध्याकाळी ते म्हणाले, "याच्या मागून नेहमी 'फॉर' येतो. कामगारांसाठी, शेतकऱ्यांसाठी, अमक्यांसाठी. एकट्या माणसासाठी आलेला मी अजून पाहिला नाही. येत असेल का गं?"

"मी वाचलेला नाही."

"मी पण नाही," ते म्हणाले, आणि वहीत काहीतरी लिहिलं.

मग मराठी शब्दाचा शोध सुरू झाला. घोषणा? "ही सरकारही करतं." नारा? "हा बद्रीचा." आरोळी? "ती पोहे विकणाऱ्याची." ललकारी म्हणताना मात्र त्यांचा आवाज उतरला. "ललकारी वर बघून द्यायची असते. महाराजांकडे. रॅलिंग क्राय आजूबाजूला बघून देतात, असं वाटतंय मला."

पण ज्या गोष्टीनं त्यांना सगळ्यांत जास्त छळलं ती निराळी होती. एके दिवशी ते आत आले ते वही उघडूनच. ओट्यावर बसायलाही विसरले.

"बेबी, मी सत्तावीस वाक्यं मांडून पाहिली. एकातही रॅलिंग क्राय कुणी 'केला' असं नाही. सगळीकडे 'झाला'. बिकेम. हॅज बिकम. अरे, कुणी तरी बनवला असेल ना? कागदावर लिहिला असेल, रेघा मारल्या असतील! त्याचं नाव कुठेच नाही."

"इंग्रजीत तसंच म्हणतात. तो आपोआप होतो."

"आपोआप कसा होईल?" त्यांचा आवाज चढला, मग लगेच खाली आला. "आणि झाला, म्हणजे लोकांनी उचलला, की मग तो कुणाचा? बनवणाऱ्याचा की ओरडणाऱ्यांचा? त्यानं कुणाला लागलं, तर ते कुणाच्या नावावर?"

सिस्टरच्या व्याकरणात याचं उत्तर नव्हतं.  काका वही मिटून गेले. हा माणूस इंग्रजी शिकत नाहीये, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या दिवशी कचोरी आणायला गेले तेव्हा मी धीर करून बद्री भियाला विचारलं, काका आणि वामनराव यांच्यात काय झालं. बद्री भियानं झारा कढईच्या काठावर ठेवला.

"तुम्हाला मालूम नाही? होस्टेल में थीं आप, कैसे मालूम पड़ेगा." मग इकडेतिकडे पाहून त्यानं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी अफवा उठली होती, की इंदूरचे महिने कमी करून कचेऱ्या जास्त दिवस ग्वाल्हेरला ठेवणार. राजवाड्याच्या बाजारातल्या लोकांनी मोर्चा काढायचं ठरवलं आणि काकांकडे घोषणा मागितली. छोटी हवी, हिंदीत हवी. काकांनी आठ दिवस घेतले आणि आयुष्यात पहिल्यांदा चार-पाच शब्दांची घोषणा आणून दिली. पुढच्यानं ओरडायचं, 'आए हो तो'. मागच्या गर्दीनं म्हणायचं, 'जाओ मत!'

"क्या नारा था, बेन! एकदम सीधा. पुढे मी होतो. अपना गला तो आप जानती हो." बद्री भियानं मान खाली घातली. "मगर हजार आदमी. मैं इधर से दूसरी बार 'आए हो तो' उठाता, तब तक पीछे वालों का 'मत' पूरा नहीं होता. दब जाता. दोन चौक पार होईस्तोवर 'मत' गायब."

आणि 'आए हो तो जाओ' साऱ्या इंदूरनं उचललं. टांगेवाले म्हणू लागले, पोरं भिंतींवर कोळशानं लिहू लागली. काकांच्या आयुष्यातली ती एकच घोषणा अशी, की जी लोकांनी शिकवल्याशिवाय पाठ केली. त्याच आठवड्यात ग्वाल्हेरची गाडी आली. फायलींबरोबर वामनराव स्टेशनातून टांग्यात बसून भावाच्या घराकडे निघाले आणि राजवाड्यासमोर मोर्च्यात अडकले. हजार माणसं त्यांच्याकडे हात करून सांगत होती, आलात तर जा. कुणीतरी कौतुकानं त्यांना हेही सांगितलं, की काय झकास लिहिलंय, तरटेसाहेबांचं आहे. वामनरावांनी टांगा तिथूनच तुकोगंजाकडे वळवला.

"काका ने मुझे एक शब्द नहीं बोला," बद्री भिया म्हणाला. "गाली देते तो अच्छा लगता."

त्या संध्याकाळी मी घरातली मोठी इंग्रजी डिक्शनरी काढून ठेवली. काका आले तेव्हा ती त्यांच्यापुढे उघडली आणि 'रॅली' शब्दावर बोट ठेवलं. माझ्या मनात काय होतं ते मलाही नीट माहीत नव्हतं. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नाही, तर निदान एक अर्थ तरी द्यावा, इतकंच.

"याचा जुना अर्थ घोषणा देणं असा नाहीये, काका. लढाईत फौज मोडली, माणसं सैरावैरा पळाली, की त्यांना पुन्हा एका ठिकाणी आणणं. पांगलेल्यांना परत बोलावणं. ते रॅली."

"परत बोलावणं," काका म्हणाले.

"हो."

"जा म्हणणं नाही."

"नाही."

त्यांनी पुस्तक जवळ ओढलं आणि ज्यातलं एक वाक्यही त्यांना समजत नव्हतं अशा त्या बारीक छापाकडे पाहत बसले. मग एकदम म्हणाले, "चूक बद्रीची नाही. माझी आहे. पुकारण्याचा शेवट उघड्या तोंडावर करायचा, आ नाहीतर ओ. 'त' वर जीभ दाताला लागते, आवाज तिथेच मरतो. बापानं मला सहाव्या वर्षी शिकवलं होतं हे. वामनला तर चौथ्या वर्षी. 'जाओ' पुढे ठेवलं आणि 'मत' मागे, तेव्हाच कळायला हवं होतं." कानाची पाळी लाल झाली होती. "बेबी, मला एक इंग्रजी पत्र लिहून देशील?"

"कुणाला?"

"वामनला."

"इंग्रजीत कशाला, काका? मराठीत लिहा ना."

"मराठीत लिहिलं तर त्याला त्यात माझा आवाज ऐकू येईल. फाडून टाकेल. इंग्रजीत आवाज नसतो."

त्यांच्या ओट्यावर बसून पत्राला तीन संध्याकाळी लागल्या. काका मराठीत सांगत, मी इंग्रजीत मांडत असे. सुरुवात 'रिस्पेक्टेड यंगर ब्रदर' अशीच हवी, हा त्यांचा हट्ट. धाकट्याला रिस्पेक्टेड म्हणत नाहीत हे मी दोनदा सांगून पाहिलं. पुढे घोषणेचं मूळ रूप, मधली रेघ कुठे होती, 'मत' का दबला याचं शास्त्रीय कारण, आणि खाली रॅलीचा डिक्शनरीतला अर्थ. काकू आतून ऐकत होत्या. तिसऱ्या दिवशी त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "झालं का तुमचं? तिकडे लॉऱ्या भरायला लागल्यात म्हणे. तो भोपाळला पोचेल आणि तुम्ही इथे स्वल्पविराम देत बसाल."

पत्र घेऊन मलाच जायला लागलं. काका म्हणाले, त्यांना तुकोगंजचा रस्ता नीट माहीत नाही. ते साठ वर्षं इंदुरात राहत होते.

वामनरावांची खोली लहान आणि नीटनेटकी. अर्धं सामान बांधून झालेलं. मी नाव सांगितलं, पत्र पुढे केलं आणि दारातच उभी राहिले. काकांचंच नाक, काकांचेच कान. त्यांनी पत्र उघडलं, टेबलावरची लाल पेन्सिल उचलली आणि वाचता वाचता दोन ठिकाणी दुरुस्ती केली. दुरुस्त्या बरोबर होत्या.

"दादानं लिहिलं की तुम्ही?"

"त्यांनी सांगितलं. मी लिहिलं."

"म्हणूनच." त्यांनी पत्र शेवटपर्यंत वाचलं, घडी केली, पुन्हा उघडलं. "हे 'मत' चं शास्त्र मला समजावतोय होय! अहो, मी भालदाराचा मुलगा. शेवटचं अक्षर आम्हांला सगळ्यांत आधी ऐकू येतं. टांग्यात बसल्या बसल्या ऐकलं होतं मी ते 'मत'. पहिल्या दोन रांगा नीट म्हणत होत्या."

 "मग..." एवढंच निघालं.

"मग काय? पाच वर्षांपूर्वी पहिल्यांदा बदली झाली, ग्वाल्हेरला निघालो, तेव्हा त्याला वाटत असेल जाऊ नको, तर म्हणायचं होतं. घरात म्हणायचं होतं. म्हणाला नाही. स्टेशनवरही आला नाही. आणि मग हजार माणसांकडून म्हणवून घेतलं. बद्री कचोरीवाल्याकडून!" त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "आताही बघा. स्वतः नाही आला. तुम्हाला पाठवलं, तेही इंग्रजीत."

ते रागावले आहेत असं वाटलं होतं मला. पण त्यांनी ते पत्र दुरुस्त्यांसकट सामानातल्या सर्वांत वरच्या पेटीत, कपड्यांखाली ठेवलं. "परवा सकाळी लॉऱ्या निघायच्या," ते म्हणाले. मी विचारलं नव्हतं.

काकांच्या घरी जाऊन हे सगळं त्यांना सांगणं मला फार जड गेलं. मी माझ्या शब्दांत सांगू शकले नसते, म्हणून वामनरावांच्याच शब्दांत, जसंच्या तसं, जमिनीकडे बघून सांगितलं. बद्री कचोरीवाल्याचं सुद्धा सांगितलं. 

"म्हणजे त्याला घोषणा नकोच होती," काका म्हणाले.

"नाही."

"नुसती हाक."

"हो."

"हाकेत म्हणायचं काय असतं?"

इतक्या वर्षांचा पुकारणारा माणूस हे मनापासून विचारत होता. मी आठवून पाहिलं. होस्टेलात घंटा वाजायची. हाक मारून मला कुणी बोलावलंच नव्हतं.  काकू आतून म्हणाल्या, "बेबी, घरी जा तू. त्यांना बसू दे."

लॉऱ्या निघायच्या त्या सकाळी काका आमच्या दाराशी आले ते कोट घालून. "चल," म्हणाले. टांग्यात वाटभर त्यांचे ओठ हलत होते. चाली लावून पाहत असावेत. मधून मधून मान हलवून काहीतरी खोडत होते.

कचेरीच्या आवारात तीन लॉऱ्या उभ्या. शिपाई फायलींची गाठोडी वर फेकत होते, कारकून यादीवर खुणा करत होते, कुणी दोरखंड आवळत होतं. वामनराव मधल्या लॉरीजवळ पाठमोरे उभे. काका फाटकात थांबले. मी त्यांना आत जायला सुचवलं, पण ते पुढे जाईनात. त्यांनी छाती भरली, तोंड उघडलं, आणि काही आलं नाही. पुन्हा श्वास घेतला. पुन्हा काही नाही. मी त्यांच्याकडे बघणं टाळलं. एका लॉरीचं इंजिन सुरू झालं.

"वामन्याऽ! जेवायला चलाऽ! पानं वाढलीऽत!"

असा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. नळावर, ओट्यावर ते जे काढत तो त्यांचा बारीक आवाज होता, हे तेव्हा कळलं. गाठोडं वर फेकणाऱ्या शिपायाचे हात तसेच राहिले. दोन-तीन कारकून वळले आणि, माणसाचा स्वभावच असा, जेवायला म्हटल्यावर एक पाऊल पुढेही आले. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.

वामनराव वळले. त्यांनी भावाकडे पाहिलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे.

"दादा, साडेनऊ वाजलेत."

"मग?" काका म्हणाले.

वामनरावांनी हातातली यादी शेजारच्या कारकुनाकडे दिली. "दुसऱ्या लॉरीनं येतो," त्याला म्हणाले. "नाहीतर उद्याच्या गाडीनं."

परतीच्या टांग्यात मी पुढे टांगेवाल्याशेजारी बसले आणि मागे दोघे.  कृष्णपुऱ्याचा पूल आला तेव्हा काका पुढे वाकून माझ्या कानाशी हलक्या आवाजात म्हणाले, "बेबी, घरी चूलसुद्धा पेटलेली नसेल."

नव्हतीच पेटलेली. काकू मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या. आम्ही आत शिरलो तशा त्या ओला पदर झटकत आल्या, दिराकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. "वहिनी," वामनराव वाकले, "दादा म्हणाला, पानं वाढलीत."

"वाढलीतच," काकू म्हणाल्या. "हातपाय धुवा."

त्यांनी भिंतीशी दोन पाट मांडले, दोन ताटं ठेवली, शेजारी पाण्याचे दोन तांबे. मग चुलीत लाकडं घातली आणि तांदूळ धुवायला घेतले. दोघे भाऊ मांडी घालून रिकाम्या ताटांसमोर बसले. भात शिजायला वेळ लागला. तेवढा वेळ दोघे तसेच बसून राहिले, आणि दोघांपैकी कुणीही उठलं नाही.